कुलूपबंद डावपेच

खेळाचे डावपेच उलगडून सांगणारा लेख पैसे घेऊन वाचायला द्यावा की नाही, हा वाद वरवर पाहता अगदी क्षुल्लक वाटतो. ज्याला बुद्धिबळाचा, ब्रिजचा किंवा 'मॅजिक'सारख्या पत्त्यांच्या खेळाचा नाद आहे त्याने हवे तर पैसे मोजावेत, नको तर सोडून द्यावे. त्यात तिसऱ्याने बोलण्यासारखे काय आहे? परंतु कालपर्यंत सर्वांना खुले असलेले विश्लेषण आज 'केवळ वर्गणीदारांसाठी' झाले की छंदिष्टांत ताबडतोब दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ज्ञानाची विक्री हे पाप आहे. दुसरा म्हणतो, फुकट्यांनो, लिहिणाऱ्याला पोट नाही काय?

प्रस्तुत लेखकाच्या मते हे दोन्ही तट चुकीच्या जागी उभे राहून भांडत आहेत. लेखाची किंमत घेण्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते कुलूप. किंमत आणि कुलूप या दोन निराळ्या गोष्टी असून त्या एकच आहेत असे भासवण्यात आजच्या विक्रेत्यांचे सगळे हित आहे. वाचकांनीही तो समज निमूटपणे स्वीकारला आहे, म्हणून हा प्रपंच.

आधी हे ठरवू या की डावपेचांवरचा लेख ही कोणत्या जातीची वस्तू आहे. तो पाककृतीसारखा नाही. कृती बिघडली तर भाजी बिघडते आणि ती करणाऱ्याला त्याच दिवशी कळते. तो बातमीसारखाही नाही. 'या स्थितीत ही चाल सर्वांत चांगली' असे जेव्हा एखादा लिहितो, तेव्हा तो एक दावा करत असतो, आणि दाव्याच्या पुष्ट्यर्थ पुढच्या चालींची मालिका देत असतो. म्हणजे या लेखात पूर्वपक्ष असतो, उत्तरपक्ष असतो, आणि निष्कर्ष खोडून काढण्याची वाट प्रत्येक वाचकाला मोकळी असते. थोडक्यात, तो समीक्षा या जातीचा मजकूर आहे. समीक्षेला जे नियम लागू आहेत तेच त्यालाही लागू असले पाहिजेत, आणि त्यांतला पहिला नियम असा की ज्याचे खंडन करता येऊ शकते, ते खंडन करू शकणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे.

बॉबी फिशरचे उदाहरण घ्या. १९६० साली मार देल प्लाता येथे स्पास्कीने त्याला 'किंग्ज गँबिट' या जुन्या सुरुवातीने हरवले. फिशरने त्याचा सूड लेख लिहून घेतला. १९६१ साली 'अमेरिकन चेस क्वार्टर्ली' या नव्या त्रैमासिकात त्याने ही सुरुवात मुळातच हरणारी आहे असा दावा केला आणि त्यासाठी काळ्याची तिसरी चाल म्हणून वजिरापुढचे प्यादे एक घर सरकवण्याचा उपाय सुचवला. तो अंक कोणी फुकट वाटला नव्हता. वर्गणीदारांनी पैसे मोजले होते. पण अंक छापला गेला, हातोहात फिरला, आणि त्या दाव्यावर पुढची साठ वर्षे वाद झाला. पुढे खुद्द फिशरच पांढरी मोहरी घेऊन तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट काढत ही सुरुवात खेळला. त्याचा दावा जसाच्या तसा टिकला नाही, पण सुचवलेली चाल टिकली. दाव्यातले खरे किती आणि आवेश किती, हे वेगळे करण्याचे काम शेकडो अनामिक वाचकांनी केले. किंमत होती, कुलूप नव्हते. म्हणून हे घडू शकले.

'मॅजिक'चा इतिहास याहून बोलका आहे. हा खेळ १९९३ साली आला. नव्वदीच्या दशकात त्याच्या खेळाडूंनी 'द डोजो' नावाच्या संकेतस्थळावर आपसांत डावपेचांची चर्चा केली, कसलाही मोबदला न घेता. त्याच जागी १९९९ साली माइक फ्लोरेस याने एक लेख लिहिला. प्रत्येक डावात एकाला आक्रमकाची आणि दुसऱ्याला बचाव करणाऱ्याची भूमिका घ्यावीच लागते, आणि आपली भूमिका चुकीची ओळखणारा हरतो, हे त्याचे प्रतिपादन. तो विचार आणि त्याची परिभाषा आज त्या खेळाच्या प्रत्येक विश्लेषणात गृहीत धरलेली असते. पुढे पत्त्यांच्या व्यापाऱ्यांनी आपल्या दालनांत नामवंत खेळाडूंचे लेख वर्गणीदारांपुरते राखून ठेवायला सुरुवात केली. त्या सशुल्क लेखांतली भाषा कोणी घडवली? ज्यांनी एक पैसाही घेतला नाही त्यांनी. सामायिक गायरानात वाढलेल्या गाईचे दूध विकायला हरकत नाही. पण दूध विकणाऱ्याने गायरानालाच कुंपण घातले तर गावाने विचारायला नको काय?

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप घेतला जातो. खेळाडू आपली तयारी लपवतातच की! विश्वविजेतेपदाच्या सामन्यापूर्वी महिनोन्‌महिने खोलीचे दार लावून ज्या चाली शोधल्या जातात त्या कोण जगजाहीर करतो? मान्य. पण त्या गुप्ततेला एक नैसर्गिक अंत आहे. लपवलेली चाल वापरायची म्हणजे पटावर मांडावी लागते, आणि पटावर मांडली की ती सर्वांची होते. हा केवळ शिष्टाचार नाही. न्यायालयांनीही तसा कौल दिला आहे. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये कार्लसन आणि कार्याकिन यांचा विश्वविजेतेपदाचा सामना झाला. त्याच्या आयोजकांनी चालींच्या थेट प्रक्षेपणावर मक्तेदारी सांगितली. मॉस्कोच्या न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला आणि न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. खेळली गेलेली चाल ही एक घडलेली वस्तुस्थिती आहे. तिच्यावर कोणाची मालकी नाही. आपल्याकडेही १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्वामित्वहक्क कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो.

म्हणजे खेळात ज्ञानाच्या दोन प्रामाणिक अवस्था आहेत. एक, स्वतःजवळ ठेवलेले गुपित. दोन, पटावर किंवा छापून उघड केलेला दावा. कुलूपबंद लेख या दोहोंच्या मध्ये लटकतो. प्रसिद्ध झालेल्या मजकुराचा अधिकार त्याला हवा असतो आणि गुपिताला मिळणारी सूटही हवी असते. नामवंत ग्रँडमास्टरच्या नावावर तो खपतो, पण तो चूक आहे हे दाखवू शकेल असा माणूस बहुधा दाराबाहेर असतो. दाराच्या आत असलेल्याने पैसे मोजलेले असतात. आपण मोजलेले पैसे वाया गेले असे जाहीरपणे म्हणायला फारच थोडे लोक तयार होतात.

हे सारे अमूर्त वाटू नये म्हणून मी राहतो त्या धायरीतले एक उदाहरण देतो. धायरी २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आली. सिंहगड रस्त्याला लागून इमारती वाढत गेल्या आणि त्यांच्याबरोबर मुलांचे शिकवणीवर्गही. त्यांत बुद्धिबळाचे वर्ग पुष्कळ. त्यांपैकी एका वर्गाचे 'अभ्याससाहित्य' पालकांना वेगळे शुल्क भरून मिळते आणि त्याच्या प्रत्येक पानावर ते इतर कोणास दाखवू नये अशी सूचना असते. शेजारच्या एका मुलाने ती सूचना बालसुलभ बेफिकिरीने मोडली म्हणून ते पान माझ्या दृष्टीस पडले. पानावर लेगालचा सापळा होता. अठराव्या शतकातला पॅरिसचा हा खेळाडू फिलिडोरचा गुरू. त्याच्या नावाची ही युक्ती जगातल्या प्रत्येक नवशिक्याला शिकवतात. पांढऱ्याचा घोडा काळ्याच्या उंटाने जखडलेला असतो. घोडा हलला की मागचा वजीर उंटाच्या तोंडी. तरीही पांढरा तो घोडा उचलून काळ्याचे मधले प्यादे मारतो. काळ्याने लोभाने वजीर मारला की उंटाचा शह आणि दुसऱ्या घोड्याने मात.

पानावरच्या आकृतीत मात्र काळ्याचा वजिराकडचा घोडा आधीच बाहेर पडून त्या मधल्या प्याद्याला जोर देत होता. अशा स्थितीत ही युक्ती साफ फसते. काळा वजिराकडे ढुंकूनही न पाहता आपल्या घोड्याने पांढऱ्याचा घोडा मारतो. त्याच घोड्याचा आता उंटालाही जोर मिळतो, आणि पांढऱ्याचा एक मोहरा एका प्याद्याच्या बदल्यात जातो. गंमत अशी की पांढऱ्याने आधी कडेचे प्यादे एक घर सरकवून उंटाला डिवचले असते आणि तो एक घर मागे हटून तसाच वजिरावर रोखून बसला असता, तर हीच युक्ती पुन्हा बरोबर ठरली असती. कारण तिथे उंट बिनजोर असतो. वजीर त्याला मारतो, आणि बदल्यात गेलेला उंट पुढच्या शहाने वसूल होऊन पांढऱ्याचे एक प्यादे वर राहते. एका प्याद्याच्या एका घराचा फरक, पण त्यात सापळ्याचे सगळे मर्म आहे. ते पान चौकात लावले असते तर कट्ट्यावर बसणाऱ्या एखाद्या आजोबांनी दोन मिनिटांत चूक दाखवली असती. 'इतरांस दाखवू नये' या सूचनेने ती चूक सुरक्षित ठेवली होती. शिकवणारा लबाड होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. चूक कोणाच्याही हातून होते. कुलूप चूक निर्माण करत नाही. ते तिला दीर्घायुष्य देते.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न खरा आहे. ग्रँडमास्टर झालेल्या मोजक्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात; त्यांच्या खालच्या पायरीवरचे शेकडो खेळाडू स्पर्धांचा प्रवासखर्च कसा भागवतात ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. त्यांनी लेखणीवर चार पैसे मिळवले तर त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. पण खेळावरचे लेखन इतकी वर्षे जगले कसे, हेही पाहायला हवे. दुसऱ्या बाजीरावासाठी त्रिवेंगडाचार्यांनी 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ रचला असे सांगतात. त्यांच्या डावस्थितींचे इंग्रजी भाषांतर, युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून, १८१४ साली मुंबईत छापले गेले. खर्च आश्रयदात्याचा, वाचन सर्वांचे. १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे बुद्धिबळावरचे मराठी पुस्तक निघाले. ते विकत घ्यावे लागत असणार हे उघड आहे. पण वीस वर्षांनी, १९१३ साली, इंग्लंडमधल्या मरे या अभ्यासकाने बुद्धिबळाचा आपला प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला तेव्हा हिंदुस्थानी खेळाच्या माहितीसाठी टोपे यांचे पुस्तक त्याच्या उपयोगी पडले. पुस्तक विकले गेले होते, म्हणजे ते लेखकाच्या हातून सुटले होते. विक्री या शब्दाचा अर्थच तो आहे.

छापील पुस्तक घेणारा ते मित्राला देतो, वाचनालयाला देतो, कंटाळला तर रद्दीत घालतो आणि तिथून ते अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत येऊन एखाद्या गरीब पोराच्या हाती पडते. बेलग्रेडहून १९६६ पासून निघणारे 'चेस इन्फॉर्मंट'चे खंड कधीही स्वस्त नव्हते. पण एका मंडळाने एक खंड घ्यावा आणि वीस जणांनी त्याच्यावर डोकी घालावीत, हे शक्य होते. आज ज्याला 'विक्री' म्हणतात ती विक्री नव्हे, ते भाडे आहे. आणि भाडेकरूला वस्तू दुसऱ्याला दाखवण्याचीही मुभा नाही. शिवाय घरमालक घर कधी पाडेल याचा नेम नाही. 'चेस२४' हे एके काळचे भरभराटीचे संकेतस्थळ. त्याचा मालक असलेला 'प्ले मॅग्नस' समूह २०२२ साली 'चेस डॉट कॉम'ने विकत घेतला आणि जानेवारी २०२४ अखेर 'चेस२४' बंद झाले. कुलूपबंद मजकुराचे आयुष्य कुलूप लावणाऱ्याच्या हिशेबवहीएवढेच असते. टोप्यांचे पुस्तक मात्र प्रकाशकाच्या मर्जीवर जगले नाही.

किंमत आणि कुलूप यांतला फरक कोणाला शब्दच्छल वाटत असेल तर त्याने 'स्टॉकफिश'चा खटला आठवावा. बुद्धिबळ खेळणारी ही सर्वांत बलवान संगणकप्रणालींपैकी एक. ती मुक्तस्रोत आहे आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी ती घडवली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीच्या 'चेसबेस' कंपनीने 'फॅट फ्रिट्झ २' नावाची प्रणाली विक्रीस काढली. तिच्या आत स्टॉकफिशच होते, फक्त मूल्यमापनाचे जाळे निराळे. स्टॉकफिशच्या कर्त्यांनी त्याच वर्षी खटला भरला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. तिच्यानुसार कंपनीला वर्षभर स्टॉकफिश असलेली उत्पादने विकता येणार नव्हती. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की स्टॉकफिशचा परवाना विक्रीला मनाई करत नाही. खुशाल पैसे घ्या, असेच तो म्हणतो. तो एवढेच बजावतो की मूळ आज्ञावली दडवू नका आणि घेणाऱ्यालाही ती पुढे देण्याचा हक्क ठेवा. किंमत चालेल, कुलूप चालणार नाही, हे तत्त्व म्हणजे भाबड्या वाचकाचे स्वप्न नव्हे. ते एका कायदेशीर दस्तऐवजात लिहिलेले आहे आणि एका धनाढ्य कंपनीला त्याच्यापुढे मान तुकवावी लागली आहे.

मग लिहिणाऱ्याने पैसे कशाचे घ्यावेत? आपल्या वेळेचे घ्यावेत. विद्यार्थ्याचा हरलेला डाव समोर ठेवून 'तू इथे का घाबरलास?' असे विचारण्याला जी तास-दोन तासांची मेहनत लागते ती वाटली जाऊ शकत नाही. तिचे मोल अवश्य असावे, आणि चांगले असावे. छापील ग्रंथाचे घ्यावेत. ताज्या लेखाचेही घ्यावेत. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले, त्या मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू घडवले. भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच. मंडळ म्हणजे काय असते? एक खोली, काही पट आणि एकमेकांच्या चुका मोठ्याने सांगणारी माणसे. त्या मोठ्याने सांगण्यावर खेळ वाढतो. मंडळाची वर्गणी असू शकते, पण एका पटावरचे बोलणे शेजारच्या पटावर ऐकू जाऊ नये म्हणून मधे भिंत बांधणारे मंडळ अजून कोणी काढलेले नाही. 'लिचेस' हे २०१० पासून चाललेले संकेतस्थळ देणग्यांवर उभे आहे आणि तिथे कोणाचेही खुले केलेले विश्लेषण कोणालाही पाहता येते. तेव्हा 'कुलूप नसेल तर सारे कोसळेल' ही भीती अनुभवाला धरून नाही.

मराठीपुरता या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात आज बुद्धिबळपटूंची वाण नाही. पुण्याचे अभिजित कुंटे, नाशिकचा विदित गुजराथी, २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख ही नावे घरोघरी माहीत आहेत. पण या खेळाचे सखोल विश्लेषण मराठीत किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जे काही लिहिले जाते ते इंग्रजीत, आणि त्यातलेही उत्तम ते कुलपाआड. धायरीहून खडकवासल्याच्या पुढे खानापूर-पानशेतकडे गेले की मराठी शाळांतली जी मुले पट मांडून बसतात त्यांच्या वाटेत अशा दोन भिंती आहेत, भाषेची आणि पैशाची. पैकी भाषेची भिंत एखाद्या हौशी अनुवादकाने पाडली असती. मराठीत शास्त्रीय लेखन बहुतेक असेच आले: कोणीतरी वाचले, त्याला आवडले, त्याने आपल्या भाषेत सांगितले. पण जे दाखवायलाही बंदी आहे त्याचा सारांश कोण लिहिणार, त्यावर टिपण कोण करणार? कुलूप फक्त न परवडणाऱ्या वाचकाला बाहेर ठेवत नाही. पुढच्या लेखकालाही बाहेर ठेवते.

कुलूप फोडण्याचे समर्थन मी करत नाही, हे स्पष्ट सांगतो. दुसऱ्याचा सांकेतिक शब्द वापरणे किंवा विकत घेतलेल्या अभ्यासक्रमाच्या चोरट्या प्रती वाटणे हा या दुखण्यावरचा उपाय नव्हे. मागणी विक्रेत्याकडे, उघडपणे केली पाहिजे, आणि ती फार मोठी नाही. जे एकदा सर्वांना खुले होते, विशेषतः ज्याच्यात वाचकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या सामावल्या आहेत, त्याला मागाहून कुलूप घालू नये. नवा लेख काही महिने वर्गणीदारांपुरता ठेवावा आणि मग खुला करावा. ताजेपणाची किंमत घेणे न्याय्य आहे, शिळ्याची घेणे कंजूषपणाचे. लेख कुलूपबंद असला तरी त्याचे शुद्धिपत्र खुले असावे. आणि मुलांना दिलेल्या कागदांवर 'इतरांस दाखवू नये' असे छापण्याऐवजी 'चूक आढळल्यास कळवावे' असे छापावे.

या चार गोष्टींनी कोणाचाही धंदा बुडणार नाही. बुडेल तो एक समज, की पैसे मोजून वाचलेले विश्लेषण न वाचलेल्यांच्या तपासणीपासून सुरक्षित असते आणि म्हणून अधिक खरे असते. खेळात खरे ठरवण्याचा अधिकार पटाला आहे, आणि पट कोणाची वर्गणी विचारत नाही. असो. या मतांशी असहमत असणारे वाचक पुष्कळ असतील, विशेषतः स्वतः वर्ग चालवणारे. त्यांनी आपले खंडन इथेच, सर्वांना वाचता येईल असे लिहावे.